बारा पौंडांचा पाय आणि न उघडलेली पत्रे

१९४७-४८ च्या हंगामात इंग्लंडमधील कोणत्याही व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला १२ पौंडांपेक्षा अधिक पगार देण्यास संघांना नियमाने बंदी होती. उन्हाळ्यात, म्हणजे सामने बंद असताना, ही मर्यादा १० पौंडांवर येई. सामना जिंकल्यास २ पौंड आणि बरोबरीत सुटल्यास १ पौंड बक्षीस मिळे. त्या काळी एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होत. त्या दराने १२ पौंडांचे बरोबर १६० रुपये भरतात. पगारापुरते पाहिले तर लंडनच्या आर्सेनल संघातील नामांकित खेळाडू आणि एखाद्या लहान गावच्या संघातील मेहनती बचावपटू यांना एकच कमाल मर्यादा लागू होती. खेळ पाहणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. १९४८-४९ या एका हंगामात इंग्लिश लीगच्या सामन्यांना ४ कोटींहून अधिक तिकिटे खपली. प्रवेशद्वारावर जमा होणारा हा पैसा ज्यांच्या पायांमुळे येत होता, त्यांच्या हाती त्यातील किती पडावा, हे आधीच ठरवून ठेवलेले होते.

या व्यवस्थेत वाढलेला, तिच्यात नाव कमावलेला आणि नकळत तिच्या भिंतीला पहिली मोठी भेग पाडणारा एक खेळाडू म्हणजे डेनिस कॉम्प्टन. आपल्याकडील जुन्या पिढीला तो क्रिकेटपटू म्हणून ठाऊक असतो. ७८ कसोटी सामने, १७ कसोटी शतके आणि एकूण १२३ प्रथम श्रेणी शतके ही त्याची क्रिकेटची जमा बाजू. पण हिवाळ्यात हाच मनुष्य आर्सेनलचा डावा आघाडीपटू असे. त्याचा मुंबईशीही एक ऋणानुबंध आहे आणि त्यात एका व्यापाऱ्याचे न फिटलेले देणे आहे. ती हकीकत यथाक्रम पुढे येईल.

डेनिसचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेस हेंडन येथे झाला. वडील हॅरी हे घरांना रंगरंगोटी करून देण्याचा स्वतःचा छोटा धंदा करीत. धंदा बसला तेव्हा त्यांनी पोटासाठी मालमोटार चालविण्याची नोकरी धरली. धंदा बसणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना त्या घरातील हवा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. थोरला भाऊ लेस्ली हाही पुढे आर्सेनलचा फुटबॉलपटू आणि मिडलसेक्स परगण्याचा यष्टिरक्षक झाला.

१९३२ मध्ये शाळकरी मुलांच्या एका सामन्यात चौदा वर्षांच्या डेनिसने लॉर्ड्सच्या मैदानावर ११४ धावा काढल्या. इंग्लंडचे माजी कर्णधार प्लम वॉर्नर यांच्या नजरेत तो भरला आणि मैदानावरील कामगार-पोरांत त्याची वर्णी लागली. रोलर ओढणे आणि धावफलकाची छापील पत्रके विकणे ही त्याची तेथील कामे. उन्हाळ्यात लॉर्ड्स आणि हिवाळ्यात आर्सेनल असा त्याचा वर्षाचा क्रम ठरून गेला. १९३५ मध्ये आर्सेनलने त्याच्याशी व्यावसायिक करार केला आणि सप्टेंबर १९३६ मध्ये डर्बी संघाविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात त्याने गोल केला. तेव्हा पगाराची मर्यादा होती हंगामात ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड.

येथे त्या कराराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. करार एका वर्षाचा असे. वर्ष संपल्यावर संघाला खेळाडू नको असेल तर तो मोकळा. परंतु संघाला तो हवा असेल आणि खेळाडूला मात्र तेथे राहावयाचे नसेल, तर त्याची नोंदणी संघाच्याच ताब्यात राही. संघाने सोडचिठ्ठी दिल्याशिवाय त्याला लीगच्या दुसऱ्या संघातून खेळता येत नसे आणि प्रसंगी पगारही थांबे. दुसऱ्या संघाला तो हवा असल्यास ते दोन संघ आपसांत हजारो पौंडांचा व्यवहार करीत. त्या रकमेतून खेळाडूच्या हाती पडे तो दहा पौंडांच्या आसपासचा नाममात्र हिस्सा. आपल्या पेढ्यांवर मुनीम पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हे खरे. पण वर्ष भरल्यावर हिशेब करून दुसरी पेढी धरण्याची त्यांना मुभा होती. इंग्लंडच्या फुटबॉलपटूला तेवढीही नव्हती. आणि हे त्या देशात, ज्याने जगाला खुल्या बाजाराचे अर्थशास्त्र शिकविले!

क्रिकेटच्या मैदानावर भेदाचा प्रकार निराळा होता. तेथे हौशी खेळाडूंना ‘जंटलमेन’ आणि पगारी खेळाडूंना ‘प्लेयर्स’ म्हणत. दोघांची कपडे बदलण्याची दालने निराळी, अनेक मैदानांवर आत येण्याची दारेही निराळी. १९६२ साली हा भेद अधिकृतपणे संपला. कॉम्प्टन दोन्ही खेळांत पगारी होता आणि याविषयी तो कधी कुरकुरला, असे दिसत नाही. स्वभावच मुळी तसा. हिशेब ठेवणे, वेळ पाळणे, पत्रांना उत्तरे देणे यांतील काहीही त्याला जमत नसे. भाऊ लेस्लीच्या मदतनिधीसाठी ठेवलेल्या सामन्यात, भावाने एकही चेंडू खेळण्यापूर्वी, त्याला धावबाद करविण्याचा पराक्रमही त्याचाच.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा डेनिस एकवीस वर्षांचा होता. फुटबॉलपटूच्या पायात जी सात वर्षे सर्वांत जास्त दम असतो, ती सात वर्षे लीग बंद राहिली. युद्धकाळातील तात्पुरत्या स्पर्धांतून तो आर्सेनलकडून शंभराहून अधिक सामने खेळला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातूनही तो युद्धकाळात आणि विजयानंतरच्या सामन्यांत १२ वेळा मैदानात उतरला. एप्रिल १९४६ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडविरुद्धचा सामना पाहण्यास १,३९,४६८ माणसे जमली होती. त्या दिवशी डाव्या बगलेवर कॉम्प्टनच होता. मात्र हे सामने अधिकृत धरले गेले नाहीत. त्यामुळे इंग्लंडच्या फुटबॉल दप्तरात त्याच्या नावावर एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. बारा नोंदी प्रत्यक्ष झाल्या आणि खतावणीत शून्य उतरले.

युद्धानेच त्याला हिंदुस्थानात आणले. इंदूरजवळील महू येथील लष्करी छावणीत तो जवानांना व्यायाम आणि खेळ शिकविण्याच्या कामावर होता. इंदूर म्हणजे होळकर संस्थान, आणि होळकर संघाचे कर्णधार होते कर्नल सी. के. नायडू. हाताशी इंग्लंडचा कसोटीवीर आहे, हे पाहून त्यांनी त्याला संघात घेतले. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला : मुंबई विरुद्ध होळकर.

तो सामना म्हणजे धावांचा महापूर होता. मुंबईच्या ४६२ धावांना होळकर संघाने ३६० धावांनी उत्तर दिले. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या. त्यांत गिरणीमालक घराण्यातील विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८ होत्या. होळकर संघापुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य उभे राहिले. मुश्ताक अली यांनी पहिल्या डावाप्रमाणे दुसऱ्या डावातही शतक काढले आणि कॉम्प्टन एका टोकाला घट्ट पाय रोवून उभा राहिला. संघ ४९२ धावांत आटोपला, मुंबई ३७४ धावांनी जिंकली. पण कॉम्प्टन २४९ धावांवर नाबादच होता. चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या.

याच डावाची ती हकीकत. कॉम्प्टन पुढे आयुष्यभर ती रंगवून सांगत असे. होळकर संघावर लोभ असलेल्या एका धनिक व्यापाऱ्याने त्याला शब्द दिला की, शंभर धावा पुऱ्या झाल्यावर पुढील प्रत्येक धावेमागे अमुक रक्कम देईन. कॉम्प्टनने शंभरावर १४९ धावा काढल्या. घामाने निथळत तो आत आला तेव्हा व्यापारी जागेवर नव्हते. त्यांची चिठ्ठी तेवढी होती : तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागले, क्षमस्व.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते आणि लोक हसतात. व्यापारी घरातील वाचकाला मात्र ती हसून सोडून देता येणार नाही. शिरूर-दौंड पट्ट्यातील वडगाव रासाईसारख्या गावात दुकान चालते ते शब्दावर. उसाचे पैसे आले की देतो, हे शेतकऱ्याचे तोंडी वचन वहीत एका ओळीने उतरते आणि दोन्ही बाजू ती ओळ मानतात. श्रावकाच्या अणुव्रतांत सत्य आणि अचौर्य शेजारी शेजारी आहेत, ते उगाच नव्हे. दिलेला शब्द चुकविणे हे असत्य तर आहेच, पण ज्याने त्या शब्दावर विसंबून कष्ट उपसले त्याच्या कष्टाचा अपहारही आहे. अर्थात न्यायाने हेही म्हटले पाहिजे की ही नोंद एकतर्फी आहे. येणे असलेल्याने ती सांगितली. देणे असलेल्याची वही कोणी पाहिलेली नाही. कॉम्प्टनने तो पैसा मागण्यासाठी कधी मागे लागल्याचेही ऐकिवात नाही. येणे वसूल करावे लागते, हेच त्याच्या गावी नव्हते.

युद्ध संपले. १९४७ चा उन्हाळा आला तेव्हा इंग्लंड विजयी असूनही दरिद्री झालेले होते. अन्न, कपडे, इंधन सारे रेशनवर. त्या उन्हाळ्यात कॉम्प्टनने एका हंगामात ३८१६ धावा आणि १८ शतके केली. हे दोन्ही विक्रम आजवर अबाधित आहेत, आणि आता तेवढे सामनेच होत नसल्याने पुढेही राहतील. मिडलसेक्सने परगण्यांची स्पर्धा जिंकली. मग थंडी पडू लागताच आर्सेनल! पण १९३८ मध्ये चार्लटन संघाच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत दुखावलेला उजवा गुडघा त्याच शरदात बोलू लागला. शस्त्रक्रिया करावी लागली. तो मोजकेच सामने खेळू शकला, तरी त्या हंगामात आर्सेनल लीगचा विजेता ठरला. थोरला लेस्लीही दोन्ही संघांत होता. एका वर्षाच्या आत दोन सख्ख्या भावांनी क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांतील देशाची सर्वोच्च संघ-स्पर्धा जिंकणे, हा योग विरळाच.

एवढी कीर्ती, आणि फुटबॉलचा पगार १२ पौंड. देशभर ओळखला जाणारा त्याचा चेहरा, मागे वळविलेले दाट काळे केस, हसरे डोळे यांची बाजारात काही किंमत होऊ शकते, असे त्याच्या मनातही आले नव्हते. १९४८-४९ च्या हिवाळ्यात तो इंग्लंडच्या क्रिकेट संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. तेथे रेग हेटर या क्रीडापत्रकाराला त्याच्याजवळ एक बॅग दिसली. पत्रांनी भरलेली, आणि बहुतेक पत्रे न फोडलेली. हेटरने लंडनला परतल्यावर ती बॅग बॅगनल हार्वे नावाच्या गृहस्थांपुढे ठेवली. हार्वे यांनी एकेक लिफाफा फोडण्यास प्रारंभ केला.

त्यांत ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या प्रचंड खपाच्या साप्ताहिकाचे पत्र होते : आपण आमच्यासाठी सदर लिहावे, वर्षाला २,००० पौंड देऊ. त्याच ढिगात, काही महिन्यांनंतरच्या तारखेचे, त्याच साप्ताहिकाचे दुसरे पत्र निघाले : आपले उत्तर न आल्याने आमचा प्रस्ताव मागे घेत आहोत. वर्षाला २,००० पौंड म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने २६,६६६ रुपयांहून अधिक. फुटबॉलमधून कायदेशीर मिळू शकणाऱ्या वार्षिक पगाराच्या तिपटीहून ही रक्कम मोठी. ती कोणी बुडविली नाही, कोणी नाकारली नाही. ती एका लिफाफ्यात पडून राहिली आणि तेथेच संपली.

बँकेच्या व्यवहारात मुदतीत न वटविलेला धनादेश जसा केवळ कागद होतो, तसाच हा प्रकार. अनेक कुटुंबांत वडिलांच्या पश्चात कपाटाच्या तळाशी शेअरची प्रमाणपत्रे, लाभांशाचे अधिपत्र, मुदत ठेवीच्या पावत्या न उघडलेल्या पाकिटांत सापडतात. कष्ट करणारा माणूस आणि कागद सांभाळणारा माणूस एकच असेल, असे नाही. कॉम्प्टनच्या घरी कागद सांभाळणारे कोणी नव्हते. हार्वे यांनी ते काम स्वतःकडे घेतले. केसांना लावण्याच्या ‘ब्रिलक्रीम’ या प्रसाधनाच्या जाहिरातीचा करार झाला, वर्षाला सुमारे १,००० पौंडांचा. रेल्वे स्थानकांवर, बसवर, रस्त्यांच्या कडेला त्याचे चकचकीत केस झळकू लागले. या एका करारात खरी गोम आहे. आर्सेनलसाठी वर्षभर धावणाऱ्या पायांना जास्तीत जास्त जेवढे मिळू शकत होते, त्याच्या दीडपटीहून अधिक त्याच माणसाच्या केसांना मिळू लागले. पायांच्या किमतीला मर्यादा होती. केसांच्या किमतीला मर्यादा घालण्याचे कोणाला सुचले नव्हते.

क्रिकेटमध्येही एक सोय होती. जुन्या पगारी खेळाडूसाठी परगणा एक सामना राखून ठेवी, वर्गण्या गोळा होत आणि जमलेली रक्कम त्या खेळाडूला देण्यात येई. केंट परगण्याच्या जेम्स सेमूर यांच्या खटल्यात १९२७ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ही रक्कम पगार नसून लोकांनी दिलेली भेट आहे, असे ठरविले. त्यामुळे तिच्यावर प्राप्तिकर लागत नसे. १९४९ मध्ये कॉम्प्टनच्या मदतनिधीत १२,००० पौंडांहून अधिक जमले. १२ पौंडांच्या पगाराच्या एक हजार आठवड्यांइतकी ही रक्कम आहे. आपल्या करसल्लागारांना सेमूर यांचे नाव ठाऊक असावे, इतका तो निवाडा वाचनीय आहे.

फुटबॉलचा शेवट मात्र गोड झाला. १९५० च्या एफ. ए. कपच्या उपान्त्य सामन्यात आर्सेनल चेल्सीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडले होते. मध्यंतराच्या तोंडावर फ्रेडी कॉक्सने कॉर्नरवरूनच एक गोल केला. शेवटच्या काही मिनिटांत आणखी एक कॉर्नर मिळाला. तो घेणार होता डेनिस. त्याने लेस्लीला पुढे येण्याची खूण केली. कर्णधार जो मर्सर यांनी लेस्लीला मागेच थांबण्यास सांगितले. मधल्या बचावफळीतील लेस्लीने कर्णधाराचे न ऐकता धाकट्या भावाचे ऐकले, पुढे धावला आणि डेनिसने पाठविलेला चेंडू डोक्याने जाळ्यात ढकलला. २-२. फेरसामना आर्सेनलने १-० असा जिंकला. २९ एप्रिल १९५० रोजी वेंब्लीवर लिव्हरपूलचा २-० असा पराभव झाला. दोन्ही गोल रेग ल्युइसचे. डेनिस कॉम्प्टनच्या फुटबॉलची तेथे अखेर झाली. लीगचे एकूण सामने ५४, गोल १५. युद्धाने खाल्लेली वर्षे धरली तर हे आकडे त्याची योग्यता सांगण्यास असमर्थ आहेत. गंमत अशी की थोरला लेस्ली त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी इंग्लंडकडून प्रथमच अधिकृत सामना खेळला.

आपल्याकडे त्याच सुमारास फुटबॉलपटूचा चरितार्थ कसा चालत असे, याची तुलना उद्बोधक ठरेल. मुंबईत पगारी फुटबॉल नव्हताच. खेळाडू कंपन्यांच्या संघांतून खेळत. गोमंतकीय वंशाचे नेव्हिल डिसूझा टाटा आणि कालटेक्स यांच्या संघांतून खेळले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकून उपान्त्य फेरीत गेला. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. कंपनीच्या आश्रयाने खेळ सांभाळण्याची ही पद्धत लहान वाटते. पण पाय थकल्यावरही माणसाला उभे राहण्यास काही आधार देण्याची शक्यता तिच्यात होती. इंग्लंडच्या पगारी खेळाडूला पस्तिशीत संघाने सोडले की पुढे अंधार असे.

कॉम्प्टनवर ती पाळी आली नाही, याचे श्रेय त्या बॅगेतील उरलेल्या पत्रांना द्यावे लागेल. फुटबॉलने दिलेला गुडघा मात्र त्याला क्रिकेटमध्येही फेडावा लागला. नोव्हेंबर १९५५ मध्ये डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची वाटीच काढून टाकली. पुढच्याच उन्हाळ्यात ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ९४ धावा काढल्या. १९५७ मध्ये तो पगारी क्रिकेटमधून निवृत्त झाला आणि पुढे वृत्तपत्रीय लेखन व समालोचन यांत रमला. २३ एप्रिल १९९७ रोजी त्याचे निधन झाले.

आता त्या १२ पौंडांचे काय झाले? मर्यादा १९५१ मध्ये १४ आणि १९५८ मध्ये २० पौंडांवर गेली; भिंत तशीच राहिली. शेवटी फुलहॅम संघातील जिमी हिल यांनी खेळाडू संघटनेचे अध्यक्ष म्हणून संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये पगाराची कमाल मर्यादा रद्द झाली. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, जॉर्ज ईस्टहॅम यांच्या दाव्यात न्यायालयाने खेळाडूला अडकवून ठेवण्याची जुनी पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अन्याय्य बंधन ठरविली.

मर्यादा उठल्यावर आठवड्याला १०० पौंड घेणारा इंग्लंडचा पहिला फुटबॉलपटू ठरला तो हिल यांच्याच संघातील जॉनी हेन्स. कॉम्प्टननंतर ब्रिलक्रीमच्या जाहिरातींत झळकलेला फुटबॉलपटूही हेन्सच, आणि त्याची पत्रे उघडण्याचे काम बॅगनल हार्वे यांच्याकडे होते.